तडजोडीने कर्ज मिटवल्यानंतर पत पुन्हा कशी उभी करावी: कागद, नोंदी आणि नवे कर्ज यांचा योग्य क्रम

बँकेशी एकरकमी तडजोड करून थकीत कर्ज मिटवलेली माणसे बहुधा एकाच ठिकाणी चुकतात. शेवटची रक्कम भरल्यावर महिना-दीड महिन्यातच ती नव्या कर्जासाठी अर्ज करतात. तो नाकारला गेला की दुसऱ्या बँकेत जातात, तिथेही नकार आला की मोबाइलवरील एखाद्या ॲपवर जातात, आणि या धावपळीत कर्जांच्या परतफेडीची नोंद असलेल्या पतअहवालात बँकांच्या चौकशांची रांग लागून आधीच कमी असलेली पत आणखी खाली येते. जुन्या खात्याची नोंद अजून चुकीचीच असते, काही देणे उरले नसल्याचा बेबाकी दाखला हातात नसतो आणि सातबाऱ्यावरचा बोजाही तसाच असतो. कष्टाने रक्कम जमवून कर्ज मिटवलेल्या माणसाचे केवळ क्रम चुकल्यामुळे पुन्हा नुकसान व्हावे, हे मला फार वाईट वाटते; म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

आधी एक भेद स्पष्ट करून घ्यावा. थकलेले सर्व हप्ते व्याजासह उशिरा का होईना पूर्ण भरले असतील, तर ते खाते 'क्लोज्ड' होते. हप्ता कमी करून किंवा मुदत वाढवून कर्जाची पुनर्रचना झाली असेल, तर खात्यावर 'रिस्ट्रक्चर्ड' असा शेरा येतो. येणे रकमेपैकी काही भाग बँकेने सोडून दिला असेल, तर शेरा 'सेटल्ड' असा येतो, आणि बँकेने ते खाते आधीच निर्लेखित केले, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढले असेल तर तो 'पोस्ट रिटन-ऑफ सेटल्ड' असा दिसतो. पुढील टप्पे मुख्यतः या तिसऱ्या प्रकारच्या कर्जदारांसाठी आहेत. पहिल्या दोन प्रकारांतील वाचकांनी चौथा टप्पा सोडून द्यावा.

टप्पा १: सर्व कागद ताब्यात घेणे

हा टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. तडजोडीची शेवटची रक्कम भरल्यापासून एका आठवड्याच्या आत शाखेत लेखी अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि पुढील कागद मागावेत.

१. तडजोडीचे मंजुरीपत्र. त्यावर एकूण येणे, तडजोडीची रक्कम, ती भरण्याच्या तारखा आणि ही रक्कम 'पूर्ण व अंतिम' असल्याचा उल्लेख हवा.

२. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती आणि ती रक्कम ज्या खात्यातून गेली त्या खात्याचा उतारा. रोख भरणा केला असेल, तर पावतीवर शाखेचा शिक्का आहे याची खात्री करावी.

३. बेबाकी दाखला, म्हणजे 'नो ड्यूज' प्रमाणपत्र. त्यात कर्ज खाते क्रमांक, सर्व सहकर्जदारांची व जामीनदारांची नावे, खाते बंद झाल्याची तारीख, सही आणि शिक्का असावा.

४. कर्ज घेताना दिलेले कोरे किंवा पुढील तारखांचे धनादेश. ते हरवल्याचे बँकेने सांगितले, तर तसे लेखी घ्यावे आणि आपल्या बँकेत त्या क्रमांकांच्या धनादेशांचे पेमेंट थांबवण्याची सूचना द्यावी.

५. हप्ता आपोआप कापून जाण्यासाठी दिलेला आदेश रद्द झाल्याची नोंद. हा आदेश चालू राहिला, तर मिटलेल्या कर्जाचा हप्ता पुन्हा खात्यावर येतो, शिल्लक कमी असल्यास परत जातो आणि त्याचे शुल्क आपल्यालाच बसते.

६. धनादेश न वटल्याचा खटला, वसुलीचा दावा किंवा अन्य प्रकरण चालू असेल, तर ते मागे घेतल्याच्या किंवा निकाली निघाल्याच्या आदेशाची प्रत. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर तिथल्या निवाड्याची प्रत जपून ठेवावी. दावा लोकअदालतीत मिटला म्हणून पतअहवालातील नोंद आपोआप दुरुस्त होते असा गैरसमज सर्रास आढळतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

घर किंवा जमीन तारण असेल, तर मूळ दस्तऐवजांबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. कर्जाची पूर्ण परतफेड किंवा तडजोड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रे परत करावीत, आणि तिच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. अर्जात या नियमाचा उल्लेख करावा. कागदपत्रे घेताना कर्जाच्या वेळी दिलेल्या यादीशी एकेक कागद ताडून पाहावा आणि त्यानंतरच पावतीवर सही करावी.

सावधान: वसुली प्रतिनिधीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला 'तुमचे खाते मिटले' हा संदेश म्हणजे दाखला नव्हे. तसेच बँकेने आपले कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकीत कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला विकलेले असेल, तर बेबाकी दाखला त्या कंपनीकडूनच घ्यावा लागतो. अशा प्रकरणांत एकच कर्ज अहवालात दोनदा दिसण्याची शक्यता असते, म्हणून कर्ज कोणत्या तारखेला हस्तांतरित झाले याचे पत्रही मागून ठेवावे.

टप्पा २: तारणावरचा बोजा उतरवणे

बँकेने दाखला दिला म्हणून सरकारी दप्तरातील बोजा आपोआप उतरला असे धरून चालू नये. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचे नाव असते. बँकेचे बोजा कमी करण्याचे पत्र घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करावा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा. सदनिकेच्या बाबतीत गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातील बोजाची नोंद काढायला लावावी आणि दुय्यम निबंधक कार्यालयात गहाण नोंदलेले असेल, तर त्याच्या मुक्ततेचीही नोंद करून घ्यावी. वाहनासाठी वित्तसंस्थेची सही असलेला नमुना ३५ आणि ना-हरकत प्रमाणपत्र आरटीओत द्यावे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील वित्तसंस्थेचे नाव निघते.

तपासणी: सातबारा, संस्थेचे पत्र किंवा वाहनाचे प्रमाणपत्र यांपैकी जे लागू असेल, त्याची बोजामुक्त नवी प्रत आपल्या फाइलमध्ये आहे का?

टप्पा ३: चारही अहवाल तपासणे आणि दुरुस्त करून घेणे

लोक 'सिबिल' म्हणतात ते एका कंपनीचे नाव आहे. भारतात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. कोणती बँक कोणाचा अहवाल पाहील हे आपल्या हातात नसते, म्हणून चारही अहवाल पाहावेत. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा गुणांकासह (म्हणजे पतीच्या 'स्कोअर'सह) पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा नियम आहे. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. कर्जाच्या अर्जामुळे बँकेने केलेल्या चौकशीचा मात्र परिणाम होतो.

शेवटचा भरणा झाल्यावर साधारण ४५ दिवस थांबून अहवाल काढावा. जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती किमान दर पंधरवड्याला कळवणे अपेक्षित आहे, त्यामुळे दीड महिन्यानंतरही नोंद बदललेली नसेल तर ती चूक समजून तक्रार करण्यास हरकत नाही.

अहवालात काय पाहायचे ते क्रमाने सांगतो. प्रथम नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ते पाहावेत, कारण दुसऱ्या कोणाचे कर्ज आपल्या नावावर चढले असेल तर त्याचा सुगावा इथे लागतो. त्यानंतर मिटवलेल्या खात्याची शिल्लक व थकीत रक्कम दोन्ही शून्य आहेत का, खाते बंद झाल्याची तारीख दाखल्याशी जुळते का आणि तडजोडीची रक्कम बरोबर आहे का, हे पाहावे. मग महिनावार परतफेडीचा तक्ता पाहावा. त्यात मागील ३६ महिन्यांपर्यंतचे उशिराचे दिवस दिसतात. तडजोडीच्या तारखेनंतरच्या महिन्यांतही उशीर चढत असेल, तर ती दुरुस्त करून घेण्याजोगी चूक आहे. शेवटी आपण जामीनदार किंवा सहकर्जदार असलेली खाती पाहावीत. घरातील ज्या व्यक्तीचे नाव सहकर्जदार म्हणून होते, तिच्या अहवालातही हाच शेरा असतो; म्हणून पती-पत्नी दोघांचेही अहवाल काढावेत.

चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार नोंदवावी आणि त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही बेबाकी दाखल्याची प्रत जोडून लिहावे. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. यातील पहिले २१ दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी असतात. मुदत उलटून गेली किंवा उत्तर असमाधानकारक आले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे तक्रार क्रमांक, तारखा आणि आधीच्या पत्रव्यवहाराच्या प्रती लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून त्या एका जागी ठेवाव्यात.

सावधान: चुकीची नोंद दुरुस्त होते, खरी नोंद पुसता येत नाही. तडजोड खरोखर झाली असेल, तर 'सेटल्ड' हा शेरा बरोबर आहे आणि त्याविरुद्ध कितीही तक्रारी केल्या तरी तो जाणार नाही. 'दहा हजार द्या, सिबिल साफ करून देतो' असे सांगणाऱ्या मध्यस्थांना एक रुपयाही देऊ नये आणि आपला पॅन किंवा ओटीपी तर मुळीच देऊ नये. पतमाहिती कंपनी बँकेने दुजोरा दिल्याशिवाय नोंद बदलत नाही. ती बदलून घेण्यासाठी लागणारी तक्रार आपल्याला फुकट करता येते.

टप्पा ४: सोडून दिलेली रक्कम भरून शेरा बदलून घ्यावा का?

समजा, येणे ४,२०,००० रुपये होते आणि तडजोड २,५०,००० रुपयांत झाली. उरलेले १,७०,००० रुपये नंतर भरल्यास बँक खात्याचा शेरा 'क्लोज्ड' असा बदलून देऊ शकते. पण हे बँकेच्या संमतीवर अवलंबून असते, आणि ही संमती पैसे भरण्यापूर्वी लेखी मिळाली पाहिजे. किती रक्कम भरायची, त्यावर वेगळे व्याज लागणार का आणि किती दिवसांत नवी नोंद पाठवली जाणार, या तिन्ही गोष्टी त्या पत्रात असाव्यात.

माझे मत असे आहे की येत्या दोन-तीन वर्षांत गृहकर्ज घेण्याचा पक्का विचार असेल आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या राखीव निधीला हात न लावता ही रक्कम देता येत असेल, तरच ती द्यावी. शेरा बदलला तरी त्या काळातील उशिराचे महिने तक्त्यात राहतात, त्यामुळे गुणांक लगेच उसळी घेत नाही. या कारणासाठी नवे कर्ज काढणे किंवा घरातले सोने मोडणे मात्र पूर्णपणे चुकीचे आहे. पतमाहिती किमान सात वर्षे जतन केली जाते हे खरे, पण दरम्यान नियमित परतफेडीची नवी नोंद तयार होत गेली की जुन्या शेऱ्याचा प्रभाव कमी होत जातो.

टप्पा ५: पहिले वर्ष कर्जाविना काढणे

जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडींसाठी आखलेल्या चौकटीनुसार, तडजोड केलेल्या कर्जदाराला नवे कर्ज देण्यापूर्वी किमान १२ महिन्यांचा खंड ठेवावा लागतो. बँक आपल्या धोरणानुसार तो वाढवू शकते. शेतीकर्जासाठी हा कालावधी बँकेचे संचालक मंडळ ठरवते. म्हणजे या काळात केलेले अर्ज बहुतेक वाया जाणार आणि प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात राहणार. त्यापेक्षा हे वर्ष तयारीला द्यावे.

पहिल्या महिन्यात घरखर्च जसा होतो तसा लिहून काढावा: किराणा, वीज, शाळेची फी, औषधे, गणपती-दिवाळीचा खर्च, गावी जाण्या-येण्याचा खर्च. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांना बाराने भागून ते मासिक खर्चात धरावेत, कारण हप्ता चुकतो तो बहुधा अशाच महिन्यांत. दुसऱ्या महिन्यापासून, पूर्वी भरत असलेल्या हप्त्याच्या निम्मी तरी रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीत जावी अशी व्यवस्था करावी. यातून तीन महिन्यांच्या घरखर्चाइतका राखीव निधी उभा करणे हे या वर्षाचे मुख्य काम आहे. शिवाय, सलग बारा महिने ही रक्कम न चुकता बाजूला पडली, तर पुढे किती हप्ता झेपेल याचा त्याहून विश्वासार्ह पुरावा दुसरा नाही.

सावधान: दुकानातील 'नो कॉस्ट ईएमआय' आणि 'आता घ्या, नंतर भरा' या सोयीसुद्धा बहुतांशी कर्ज म्हणूनच नोंदल्या जातात. तसेच या काळात कोणाला जामीन राहू नये. भारतीय करार अधिनियमानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेच्या कर्जासाठी भाऊबंद किंवा सहकारी सही मागतात तेव्हा नाही म्हणणे जड जाते, हे मी जाणतो. तरीही 'माझेच खाते नुकते मिटले आहे, माझी सही बँक धरणार नाही' एवढे खरे उत्तर पुरेसे असते.

टप्पा ६: ठेवीवर छोटे कार्ड

वर्ष संपल्यावर, ज्या बँकेचे आपल्याकडे काही येणे नाही अशा बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्यावे. ठेव तारण असल्याने बँक जुन्या शेऱ्याकडे तितक्या काटेकोरपणे पाहत नाही. अर्ज करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: हे कार्ड पतमाहिती कंपन्यांना कळवले जाते का, आणि ठेव मोडायची असल्यास काय नियम आहेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते कार्ड आपल्या कामाचे नाही. पतसंस्थेकडून छोटे कर्ज घेण्याचा विचार असेल, तर तिथेही हाच प्रश्न विचारावा. नोंदच होत नसेल तर नियमित परतफेडीचा अहवालाला उपयोग नाही.

समजा २५,००० रुपयांच्या ठेवीवर २०,००० रुपयांची मर्यादा मिळाली. महिन्याला ६,००० रुपयांहून, म्हणजे मर्यादेच्या ३० टक्क्यांहून अधिक वापर करू नये. वीजबिल आणि किराणा असे ठरलेले खर्चच कार्डावर टाकावेत, एटीएममधून रोख काढू नये आणि संपूर्ण देय रक्कम खात्यातून आपोआप भरली जाईल असा आदेश द्यावा.

'किमान देय रक्कम' भरली की झाले, असे समजणे ही या टप्प्यावरची सर्वांत महागडी चूक आहे. दरमहा साडेतीन टक्के व्याज असलेल्या कार्डावर २०,००० रुपये थकीत राहिले, तर एका महिन्याचे व्याज ७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १२६ रुपये, असे ८२६ रुपये केवळ थकवल्याबद्दल जातात; शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय खाते थकीत म्हणून कळवू नये असा नियम आहे, पण त्या तीन दिवसांवर विसंबून नियोजन करू नये.

तपासणी: तीन महिन्यांनी अहवालात हे नवे खाते दिसते का आणि प्रत्येक महिन्यापुढे उशिराचे दिवस शून्य आहेत का? किमान सहा महिने सलग शून्य दिसेपर्यंत दुसरे खाते उघडू नये.

टप्पा ७: गरजेचे पहिले मोठे कर्ज

तडजोडीनंतर साधारण दोन वर्षे झाली, राखीव निधी शाबूत आहे आणि कार्डाची नोंद स्वच्छ आहे, अशा स्थितीत अर्ज करावा. घरातील सर्व हप्त्यांची बेरीज हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवावी. महिना ४५,००० रुपये हातात येत असतील तर ही मर्यादा १५,७५० रुपये होते. बँक याहून मोठा हप्ता मंजूर करत असली, तरीही आपण आपली मर्यादा ओलांडू नये.

एका वेळी एकाच ठिकाणी अर्ज करावा. जिथे पगार किंवा व्यवसायाचे खाते अनेक वर्षे आहे, त्या शाखेत आधी तोंडी चौकशी करावी आणि तडजोडीची गोष्ट आपणहून सांगावी. ती अहवालात दिसणारच आहे. अर्जासोबत एक पानाचे पत्र द्यावे: कर्ज कशामुळे थकले (आजारपण, नोकरी जाणे, व्यवसायातील येणी अडकणे), ते केव्हा व किती रकमेत मिटले आणि आज परिस्थिती कशी बदलली आहे. सोबत बेबाकी दाखला व आवर्ती ठेवीचा उतारा जोडावा.

करारावर सही करण्यापूर्वी मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागावे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क व इतर आकार धरून येणारा वार्षिक खर्चाचा दर असतो. दोन बँकांची तुलना नुसत्या व्याजदरावरून न करता या दरावरून करावी. कर्जासोबत विमा जोडलेला असेल, तर तो ऐच्छिक आहे का, हे विचारावे.

ॲपवरून कर्ज घेणे शक्यतो टाळावे. घ्यायचेच झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील डिजिटल कर्ज ॲपच्या यादीत ते आहे का आणि त्यामागे कोणती नोंदणीकृत संस्था आहे, हे पाहावे. संपर्क-यादी व छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागणारे किंवा कर्जाआधीच शुल्क भरायला लावणारे ॲप तत्काळ काढून टाकावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

टप्पा ८: हप्ता चुकणार असे दिसू लागल्यास

मागच्या वेळी बहुतेकांचे खरे नुकसान हप्ता चुकल्याने जितके झाले, त्याहून अधिक फोन घेणे टाळल्यामुळे झाले. या वेळी देय तारखेच्या किमान दहा दिवस आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. त्यात अडचण काय आहे, ती किती महिने टिकेल, सध्या किती रक्कम भरता येईल आणि मुदत वाढवून किंवा हप्ता कमी करून हवा आहे का, हे नेमके लिहावे आणि पोच घ्यावी. उत्तर येईपर्यंत जमेल तेवढी रक्कम राखीव निधीतून कर्ज खात्यात भरत राहावे. हप्ता भरण्यासाठी दुसरीकडून कर्ज किंवा कार्डावरून रोख रक्कम घेऊ नये, आणि पुन्हा तडजोडीचा प्रस्ताव समोर आला, तर मुदतवाढ व पुनर्रचना या दोन्हींना बँकेने लेखी नकार दिल्यानंतरच त्याचा विचार करावा.